पाणी उतरल्यावर विचारायचं

चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, डोळ्यांवर न लावता खिशात ठेवायचा आणि मग विचारायचं, "आणि साहेब बदलले तर?"

सुभेदारांची ही लकब आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ झाली होती. समोरच्याचा चेहरा दिसू नये म्हणून काका चष्मा काढतात, असं शबाना म्हणायची. शबाना आमची प्रोग्रॅमर, रोह्याजवळच्या अष्टमीची. सुभेदार तिच्या शेजारी राहायचे, आणि त्यांना माझ्याकडे आणलं तेही तिनेच.

माझं पेणला छोटं ऑफिस आहे. आम्ही सॉफ्टवेअर करून देतो. सुरुवात गणपतीच्या कारखान्यांपासून झाली. कोणती मूर्ती कच्ची आहे, कोणती रंगात आहे, कोणती कुठल्या टेम्पोत जाणार, हे हमरापूरच्या कारखानदारांना मोबाइलवर दिसायला लागलं, एवढंच आमचं कर्तृत्व. त्यावरून पुण्याच्या एका कंपनीने आम्हाला सैन्याच्या एका कामात हाताखाली घेतलं. एका युनिटच्या गाड्यांची माहिती ठेवायची यंत्रणा करायची होती. गुप्त काही नव्हतं. पाण्याचे टँकर, राशनचे ट्रक, मुलांच्या शाळेची बस. कोणती गाडी रस्त्यावर आहे, कोणती उभी आहे, कोणता सुटा भाग येईना म्हणून उभी आहे, हे वरच्या साहेबांना एका पडद्यावर दिसलं पाहिजे. मला वाटलं, मूर्तीच्या जागी ट्रक. त्यात काय अवघड आहे?

ते काय अवघड आहे, हे सांगायला सुभेदार आले. उभं आयुष्य सैन्याच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस. निवृत्त होऊन बायकोच्या माहेरी, अष्टमीला घर बांधून राहिलेले. मूळ गाव पेणच्या खाडीकाठचं. वडील मिठागरावर होते. रोह्याहून सकाळच्या एस.टी.ने यायचे, कोलाडला गाडी थांबली की चहा प्यायचे, आणि आमच्या जिन्याच्या मधल्या वळणावर हमखास थांबायचे. तिथे एक खिडकी आहे. खाली मागच्या अंगणात गणपतीचा कारखाना आहे, मूर्ती वाळत घातलेल्या दिसतात. कठड्याला हात धरून ते मूर्ती बघत उभे राहायचे. मला ते आवडायचं. कामाला येताना मिनिटभर थांबून काहीतरी बघणारा माणूस आमच्या धंद्यात सापडत नाही.

वर आले की काळजी सुरू. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लग्नात सगळे जेवत असताना गॅसची टाकी संपली तर काय, हे विचारत फिरणारा. सुभेदार त्यातले. वीज गेली तर? जवानाच्या हातात मोजे असतील तर? पडद्यावर ऊन पडलं तर? शबाना एकदा वैतागून म्हणाली, "काका, तुम्ही माणूस हायत का अलार्म?" ते म्हणाले, "अलार्मला पगार नाय देत गो तुझी मॅडम, म्हणून मला बोलावलंय."

त्यांच्या सगळ्याच काळज्या खऱ्या ठरल्या, असं मी म्हणणार नाही. वीज गेली तर म्हणून त्यांनी प्रत्येक पडद्याची कागदी प्रत काढायला लावली. आमचा एक आठवडा त्यात वाया गेला. पुढे कळलं की युनिटमधली मंडळी त्या कागदांवर भजी घेतात. मी त्यांना ते मुद्दाम सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "चला, वापरात तर आले."

पण काही काळज्या मात्र अशा होत्या की त्या ऐकल्यावर माझी झोप कमी झाली. चालकाने सकाळी जे आमच्या टॅबलेटवर भरायचं, तेच तो जुन्या रजिस्टरातही लिहिणार होता. सुभेदार म्हणाले, एक बंद करा, नाहीतर महिन्याभरात तो एकच करील, आणि ते तुमचं नसेल. पुण्याच्या कंपनीला सगळ्या गाड्या एकदम यंत्रणेत घ्यायच्या होत्या. सुभेदार म्हणाले, आधी फक्त राशनचे ट्रक घ्या. राशन उशिरा आलं की ते प्रत्येकाच्या पोटाला कळतं, साहेबांच्याही. यंत्रणेचा उपयोग काय, ते वेगळं समजवावं लागणार नाही. आणि हे सगळं झालं की चष्मा खिशात जायचा. सैन्यात साहेब दोन-तीन वर्षांत बदलतात. एका साहेबांनी हौसेने सुरू केलेलं दुसरे साहेब येऊन गुंडाळतात. त्यांच्या नोकरीत अशा किती यंत्रणा थाटात सुरू झाल्या आणि धूळ खात पडल्या, हे ते कोणाचं नाव न घेता सांगायचे. मला ते ऐकताना माझ्या ऑफिसचं भाडं डोळ्यांसमोर यायचं.

तेव्हा युनिटला एक कर्नल होते, साताऱ्याकडचे. तडफदार माणूस. यंत्रणा हवी होती ती त्यांनाच. त्यांची मागणी साधी होती. चालकाने रोज सकाळी आपल्या गाडीपुढे खूण करायची. ठीक असेल तर हिरवी, थोडं काम असेल तर पिवळी, गाडी बाहेर काढण्यासारखी नसेल तर लाल. लाल केली की दोन चौकटी उघडायच्या. एक 'कारण' आणि एक 'जबाबदार व्यक्ती'. दोन्ही भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नसे. दुसरी चौकट कर्नलसाहेबांची खास सूचना होती. कोणाच्या हलगर्जीपणाने गाडी उभी राहिली, ते कळलंच पाहिजे.

चाचणी सुरू झाली. दिवसातून एकदा युनिटचा पडदा आमच्याकडेही दिसायचा, काही बिघडलं तर दुरुस्त करता यावं म्हणून. पहिल्या दिवशी सगळ्या गाड्या हिरव्या. दुसऱ्या दिवशी हिरव्या. आठवडाभर हिरव्या. पुण्याच्या मॅनेजरचा फोन आला, अभिनंदन म्हणून. मीही शबानाला वडे आणायला पाठवलं.

सुभेदारांनी वडा खाल्ला नाही. पडद्यासमोर उभे राहिले, आणि चष्मा न काढता म्हणाले, "मॅडम, एवढा हिरवा रंग मी फक्त शेवाळाचा बघितलाय."

मी म्हटलं, गाड्या खरंच ठीक असतील.

"जुने ट्रक. घाटाचा रस्ता. पावसाळा. आणि एकाचा एक बल्बपण गेलेला नाय?" ते म्हणाले. "लाल केली की नाव लिहायला लागतंय. कोण लिहील आपलं? कोण लिहील दोस्ताचं? आम्ही आयुष्यभर काय बोललो, तर सब ठीक है साहब. इंजिन हातात आलं तरी सब ठीक."

मी पुण्याला कळवलं. मॅनेजर म्हणाला, चौकट मागणीपत्रात आहे, सही झालेली आहे, आणि पडदा हिरवा असताना तुम्हाला नेमका त्रास काय होतोय? व्यवहार म्हणून त्याचं बरोबर होतं. हिरव्या पडद्यावर चाचणी उत्तीर्ण होणार होती आणि आम्ही मोकळे होणार होतो. सुभेदारांना मी तसं सांगितलं. त्या दिवसापासून मला एक दिसायला लागलं. ते पडदा वरून खाली वाचत नसत. त्यांची नजर थेट एका ओळीवर जायची, तिथे थांबायची आणि मग ते खुर्चीत बसायचे.

हे शबानाच्याही लक्षात आलं. तिने सरळ विचारलं, "काका, तुम्ही रोज हीच गाडी का बघता?"

त्यांनी आधी टाळलं. मग म्हणाले, "सचिन चालवतो ती."

सचिन त्यांचा एकुलता एक मुलगा. तोही सैन्यात चालक आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. तो याच युनिटमध्ये राशनचा ट्रक चालवतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. मुलासाठी आलो असं कोणी म्हणू नये म्हणून. मी चिडले. असं लपवायचं नसतं, म्हटलं. त्यांनी मान्य केलं. मग म्हणाले, की गेल्या सुट्टीत सचिन रोह्याला आला होता, तेव्हा जेवताना सहज बोलून गेला होता, की उतारावर त्याचा ट्रक ब्रेक दाबल्यावर जरा उशिराने ऐकतो. नंतर फोनवर कितीदा विचारलं, पण एकच उत्तर. सगळं ठीक हाय, बाबा.

"माझाच आवाज हाय तो," सुभेदार म्हणाले. "मी त्याच आवाजात बोलायचो साहेबांशी."

त्यानंतर सकाळी पडदा उघडायची मलाही धास्ती वाटायला लागली. पडद्यावर ती ओळ हिरवी असायची, आणि ती हिरवी आहे याचीच भीती. असा हिरवा रंग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

श्रावण संपत आला. युनिटच्या गणपतीची मूर्ती पेणहून न्यायची, अशी कर्नलसाहेबांची इच्छा होती, आणि ते स्वतः गाडी घेऊन आले. मी त्यांना हमरापूरला माझ्या ओळखीच्या कारखान्यात नेलं. सुभेदार बरोबर होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सबंध वेळ सावधान असल्यासारखे उभे होते. मूर्ती ठरली, गाडीच्या मागच्या सीटवर बसवली, चादरीने आवळली. तेव्हा सुभेदार म्हणाले, गाव जवळच आहे, साहेबांनी भावाकडे चहाला यावं. साहेब हो म्हणाले. मला वाटलं, चहा पिताना ते चौकटीचा विषय काढणार. मी मनातल्या मनात मुद्दे मांडत बसले होते.

चहा झालाच नाही. गाव लागायच्या आतच रस्त्यावर माणसं पळताना दिसली. अमावास्येचं उधाण होतं, खाडीचं पाणी चढत होतं. आमच्याकडे खाडीच्या काठाने मातीचे बांध असतात. बांधाच्या अलीकडे भातशेती, पलीकडे खारं पाणी. बांधाला भोक पडलं की त्याला खांड गेली म्हणतात, आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ती जमीन पुढची काही वर्षं हातची जाते. एक म्हातारी चिखलातल्या निवट्या, बारके मासे, पकडायला बांधापलीकडच्या खाजणात गेली होती. तिला बांधातून पाणी झिरपताना दिसलं आणि तिने हाळी दिली. त्या हाळीवर सगळं गाव बांधावर.

आम्ही गाडी थांबवून गेलो तेव्हा माणसांची रांग लागली होती. चिखलाची घमेली हातोहात पुढे जात होती. सुभेदार कधी रांगेत घुसले, मला कळलंही नाही. इस्त्रीचा शर्ट, चिखल, सगळं एक. कर्नलसाहेब थोडा वेळ बघत राहिले. मग शेजारच्या माणसाला त्यांनी विचारलं, बांधाचा हा भाग सांभाळायचं काम कोणाकडे आहे? त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, हातातलं घमेलं त्यांच्या हातात दिलं, आणि मागे वळून दुसरं घेतलं. साहेब क्षणभर तसेच उभे राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ पाव्हणं, पुढं द्या की." साहेबांनी ते पुढे दिलं. मग पुढचं. मीही रांगेत उभी राहिले. साडी गेली ती गेलीच.

खांड बुजली. बायका हात धुवायला लागल्या. साहेबांनी पुन्हा विचारलं, या वेळी सुभेदारांना. हा भाग कोणाकडे होता?

"साहेब," सुभेदार म्हणाले, "ते पाणी उतरल्यावर विचारायचं."

साहेबांनी भुवया उंचावल्या.

मग सुभेदारांनी सांगितलं, ते असं. बांधाचा तुकडा घराघराला वाटून दिलेला असतो. पण हाळी आली की कोणाचा तुकडा, हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असा गावाचा रिवाज आहे. आधी बांध बुजवायचा. पाणी उतरलं, चिखल सुकला, की मग गाव बसतं आणि विचारतं, आणि सोडत नाही. ज्याचा तुकडा असेल त्याला पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट माती घालावी लागते. पण आधी विचारलं तर पुढच्या वेळी ज्याला झिरपताना दिसेल तो आधी तुकडा कोणाचा ते बघेल. आपला असेल, भावाचा असेल, तर गुपचूप घरी जाईल. शेवटचं वाक्य मात्र ते स्वतःच्या आवाजात, हळू बोलले.

"मग हाळी येतच नाय, साहेब. सगळं ठीक असतं. आणि सकाळी शेतात मासे असतात."

परतताना गाडीत मागच्या सीटवर गणपती, त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं चिखलाने माखलेले, पुढे साहेब. बऱ्याच वेळाने ते मागे न बघता म्हणाले, "सुभेदार, मला चहाला नेलं होतंत, की यालाच?"

"चहालाच, साहेब. खांड काय मी पाडली नाय."

तेव्हा ते हसले.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून बदल आला. लाल खूण केली की फक्त 'कारण' विचारायचं. सुटा भाग मागवायचा, गाडी दुरुस्त करायची. गाडी पुन्हा रस्त्यावर आली, की मगच जबाबदारीची चौकट उघडेल. आणि जुनं रजिस्टर चाचणीपुरतं बंद. शबानाने ते दोन दिवसांत केलं. लाल खुणा येऊ लागल्या. आधी एक, मग चार, मग अर्धा पडदा लाल. मॅनेजर हबकला. कर्नलसाहेबांनी मात्र सुटे भाग खेचून आणायला सुरुवात केली, आणि लाल केल्यावर भाग येतो हे चालकांना दिसलं. त्यांना दुसरं काहीही शिकवावं लागलं नाही.

सचिनची ओळ मात्र हिरवीच. रोज हिरवी. सुभेदारांना ते सहन होत नव्हतं. बाकीची पोरं खरं बोलतात, आणि माझाच का नाय, म्हणायचे. शबाना समजूत घालायची की ब्रेक दुरुस्त झाला असेल. ते म्हणायचे, "त्याच्या बापानं शिकवलंय ना त्याला. ते जायला टाइम लागंल." या काळात ते जिन्यावरही जास्त वेळ थांबायला लागले होते. मूर्ती तर विकून संपल्या होत्या, अंगण रिकामं होतं. मला वाटायचं, विचार करत असतील.

मग त्यांनी एवढ्या वेळा विचारलेली गोष्ट घडली. साहेब बदलले.

नवे साहेब वाईट नव्हते. शिस्तीचे होते. पहिल्याच दिवशी पडदा बघून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, एवढ्या गाड्या लाल कशा, आणि लाल कोणी केल्या? एवढंच. ओरडले नाहीत, शिक्षा केली नाही. पण आमच्या पडद्यावर दुसऱ्या दिवसापासून लाल खुणा मावळायला लागल्या. दुरुस्ती होऊन मावळल्या असत्या तर आम्हाला दिसलं असतं. तसं नव्हतं. कालची लाल गाडी आज काहीही न होता हिरवी. एकेक करत, दिवे मालवावेत तशा. आम्ही तिघं रोज सकाळी पडद्यासमोर उभे राहायचो. आठवडा संपता संपता सगळा पडदा हिरवा झाला. मी पुण्याला पत्र लिहायला घेतलं, की काम आमच्याकडून संपलेलं समजावं.

सोमवारी सुभेदार जिना चढून आले, नेहमीपेक्षा उशिरा, घामाघूम. शबानाने पडदा उघडला होता आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती. सगळं हिरवं होतं. मधोमध एक ओळ लाल होती. एकच.

सचिनची.

कारण: ब्रेक.

त्यांना आनंद होईल, असं मला वाटलं. इतके महिने ते याचीच वाट बघत होते. ते खुर्चीचा हात धरून हळूच बसले. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की मी मूर्ख आहे. सगळ्या हिरव्यात एकटाच लाल म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. साहेबांनी विचारलं होतं, लाल कोणी केली. आणि आता उत्तर एकाच पोराच्या नावावर होतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. मी म्हटलं, बाहेर जाऊन बोला हवं तर. ते बसूनच राहिले. फोन लागला. पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं.

"काय झालं रे गाडीला? ... कधीपासून? ... आणि इतके दिवस? ... बरं. बरं. ... साहेबांनी बोलावलंय? कधी? ... दुपारी."

मग ते ऐकत राहिले. सचिन बरंच काही बोलत असावा. सुभेदारांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. खिशात ठेवला नाही. हातात धरून राहिले. ते आता काय बोलणार, हे मला दिसत होतं. कोणताही बाप तेच बोलला असता. हिरवी करून टाक, बाळा. मी बोलले असते. माझ्या दोन मुली आहेत.

"उद्या घाटात राशन न्यायचंय ना?" त्यांनी विचारलं. "आणि ब्रेक खरंच खराब हाय. तू स्वतः बघितलास."

थांबले.

"मग राहू दे लाल."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर लावला. फोन संपला असं वाटून शबाना पाणी आणायला उठली. पण पलीकडून सचिनने काहीतरी विचारलं असावं, मुलं फोन ठेवताना विचारतात तसं.

"मी? मी ठी..." सुभेदार म्हणाले, आणि तो शब्द त्यांच्याच्याने पुरा झाला नाही. त्यांनी पडद्यावरच्या त्या लाल ओळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाय रे. जिना चढताना दम लागतो. छातीत दाबल्यागत होतं. बरेच दिवस झाले. तुझ्या आयेला नाय सांगितलं."

शबाना पाण्याचा पेला घेऊन दारात उभी राहिली.

पुढचं थोडक्यात सांगते. दुपारी नव्या साहेबांनी सचिनला बोलावलं. रागावण्याऐवजी ते त्याच्याबरोबर गाडीपाशी गेले आणि चाक उघडून दाखव म्हणाले. ब्रेकचे लायनर पार घासलेले होते. साहेबांनी ते हातात घेऊन पाहिलं, आणि तसेच ऑफिसात नेऊन आपल्या टेबलावर ठेवले. ते बरेच दिवस तिथेच होते, असं सचिन सांगत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचे. दुसऱ्या दिवशी आमच्या पडद्यावर दोन ओळी लाल होत्या. मग पाच. पुण्याला लिहायला घेतलेलं पत्र मी पाठवलं नाही. यंत्रणा पुढे आणखी युनिटांत गेली. पुण्याची कंपनी तिच्यावर सादरीकरण करते, त्यात यशाची कारणं म्हणून वेळापत्रक, तंत्रज्ञान आणि त्यांचा लोगो आहे. मला कोणी विचारत नाही. विचारलं तर मी पेणच्या खाडीकाठी घेऊन जाईन, उधाणाच्या दिवशी, चांगली साडी न नेसता.

सचिन रजा घेऊन आला आणि वडिलांना मुंबईला घेऊन गेला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जिने बंद केले. सुभेदार अष्टमीच्या घरी बसले आणि रोज सकाळी फोन करायला लागले. "लाल हाय ना?" एवढंच विचारायचे. आहे म्हटलं की म्हणायचे, बरं हाय मग.

आमच्या इमारतीत खाली पुढच्या बाजूचा झेरॉक्सवाल्याचा गाळा रिकामा झाला होता. मी तो घेऊन टाकला आणि ऑफिस खाली आणलं. वयस्कर कारखानदारांना जिन्याचा त्रास होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंही होतं. सुभेदारांना फोनवर सांगितलं, की आता या, एकही पायरी नाही. मला वाटलं, खूश होतील.

पलीकडे शांतता होती. चष्मा पुसत असणार.

"आणि नदीचं पाणी आत आलं तर?" ते म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही सुधारणार नाही. पण गवंड्याला बोलावून उंबरा वीतभर उंच करून घेतला. आत यायला आता एक पायरी झाली. एवढी चढू द्यायला काही हरकत नाही, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

ते आले नाहीत. वैशाखात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. सचिन तेव्हा घरी होता, ते एक बरं झालं.

त्या पावसाळ्यात नदी फुगली. गल्लीत पाणी आलं, शेजारच्या दुकानांत शिरलं. आमच्या उंबऱ्याला लागलं, काठाला टेकलं आणि थांबलं. शबाना आणि मी टेबलावर पाय घेऊन बघत होतो. मी फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि मग परत ठेवला.

शबाना म्हणाली, "मॅडम, पाणी उतरेपर्यंत बसूया."

आम्ही बसलो.